सोळा पायांचा किडा

"सोडा, भाऊ! हे भंगार नाही!"

महामायाने पत्र्याची पेटी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. पेटीची दुसरी कड भंगारवाल्याच्या हातात होती. तिचा धाकटा भाऊ अश्वजित पेटीखाली डोकं घालून उभा होता. पेटी पडली असती तर थेट त्याच्या टाळक्यावर!

"तुह्या बापानंच दिली मले," भंगारवाला म्हणाला. "विचार त्याले!"

बाबा ओट्यावर बसले होते. "जाऊ दे, महा," ते म्हणाले. "कारखान्यातून काढून टाकली ती. कोनाच्या कामाची नाई आता."

महामायाचे बाबा, धम्मरत्न, वडनेर भोलजीजवळच्या जिनिंग कारखान्यात वायरमन होते. कापसातून सरकी वेगळी करून रुई काढायचा कारखाना. ही पेटी तिथली आगीची घंटी वाजवायची. काल शनिवारी ती ठणाणा वाजली, सगळी यंत्रं थांबली, माणसं बाहेर पळाली आणि आग कुठेच नाही! या हंगामातली ही चौथी-पाचवी वेळ. मॅनेजर भगवानराव भडकले. "तुम्ही हात लावल्यापासून ही पेटी वेडी झाली आहे," ते सगळ्यांसमोर म्हणाले. "उद्या रविवार, कारखाना बंद. सोमवारी शेठ येतील, नवी पेटी बसेल. आणि नवा वायरमनसुद्धा!"

आई मागच्या उन्हाळ्यात गेली. तेव्हापासून बाबा घरात लागेल तेवढंच बोलत. कारखान्यात मात्र ते बोलतात, कधीकधी हसतातसुद्धा, असं तिथली माणसं सांगत. कारखाना सुटला तर बाबा दिवसभर या ओट्यावर असेच बसून राहतील. महामायाला त्याचीच भीती वाटत होती.

"बाबा, आजचा दिवस ठेवू द्या," ती म्हणाली. "दिवाळीची सुट्टी आहे, आम्हाला दुसरं काम नाही. ही उगाच वाजते की कशामुळे वाजते, ते तरी पाहू!"

बाबांनी हात हलवला. त्याचा अर्थ 'करा काय करायचं ते' असा होता. भंगारवाला हसला, पेटी सोडली आणि हातगाडी ढकलत पुढे गेला. "उद्या येतो बरं! तवा दोघं भाऊबहीन पेटीसकट बसा गाडीत!"

एवढ्यात शेजारचा देवेश आला. तो महामायाच्या वर्गात होता. त्याचे बाबा शाळेत कारकून होते आणि देवेशला सगळं माहीत असतं, असं देवेशचं म्हणणं होतं.

"उघड बरं," तो बाह्या सरसावत म्हणाला. "दोन मिनिटांत सांगतो."

पेटी उघडली. आत धूळ, तारा, आणि मधोमध एक पांढरी शुभ्र, चिनीमातीसारखी पट्टी. तिच्या पाठीवर सोन्याच्या रंगाचं चौकोनी झाकण. दोन्ही बाजूंना पायच पाय!

"अबे, किडा!" अश्वजित ओरडला. "सोळा पायांचा!"

"चिप म्हणतात त्याला," देवेश म्हणाला. त्याने झाकणावरचा नंबर मोबाइलवर शोधला. मग पुन्हा शोधला. मग कपाळाला आठ्या घातल्या. "काहीच येत नाही. हे बनवणारी कंपनीच नसेल आता."

"म्हणजे इंटरनेटले बी माहीत नाई? आन तुले तं सगळं माहीत असते नं बे!" अश्वजितने चिडवलं.

पेटीच्या झाकणाला आतून एक पुडी चिकटवलेली होती. तिच्यातही तसाच किडा निघाला, पण त्याचे दोन पाय काळे पडले होते. बाबा ओट्यावरूनच म्हणाले, "तो जुना हाय. पावसाळ्यात वीज पडली तवा जळला. पेटीत जादा होता, तो मी बसवला. तेवढाच माहा गुन्हा."

"बाबा, याला ठिणगी बघणारे किती डोळे जोडले होते?" महामायाने विचारलं.

बाबा उठले. आतून घराच्या घंटीची तीन जुनी बटणं, तारा आणि एक बॅटरी घेऊन आले आणि मुकाट्यानं जोडायला बसले. काचेचे तीन डोळे होते, त्यांनी सांगितलं. कापसात बारीकशी ठिणगी दिसली की डोळ्याचा लाल दिवा लागतो आणि तो पेटीला खूण करतो. पहिला डोळा जिन यंत्राच्या तोंडाशी. दुसरा, रुई वाहून नेणाऱ्या पाइपावर. तिसरा, पाइप जिथं रुई ओततो त्या रुईघरात. बाबांनी एकेका डोळ्याच्या जागी एकेक बटण जोडलं आणि घंटीच्या जागी एक बल्ब लावला.

"आतली रचना माहीत नसली तरी चालतं," देवेश म्हणाला. "आपण त्याला प्रश्न विचारायचे. तो उत्तर देईल. उत्तरांवरून तो काय विचार करतो ते ओळखायचं!"

महामायाने अंगणातल्या फरशीवर खडूने चौकटी आखल्या. दर प्रश्नानंतर बाबा बॅटरीची तार काढून पुन्हा लावत. फक्त एक दाबलं, बल्ब नाही. फक्त दोन, बल्ब नाही. फक्त तीन, बल्ब लख्ख पेटला! देवेशने एक आणि दोन दाबून धरली. पेटला! महामायाने खडूने फुली मारली.

"आता मी! आता मी!" म्हणत अश्वजित समोरच्या बाजूने वाकला आणि त्यानेही एक आणि दोन दाबून धरली.

बल्ब गप्प.

"नीट दाब ना!"

"नीटच दाबून राह्यलो!"

"सरक. बघ." देवेशने दाबली. पेटला. अश्वजितने दाबली. गप्प! पुन्हा देवेश, पेटला. पुन्हा अश्वजित, गप्प!

"हा किडा मले ओळखते!" अश्वजित डोळे मोठे करून म्हणाला.

"वेडा आहे हा किडा," देवेश वैतागला. "एकाच प्रश्नाला दोन उत्तरं?"

"हेच भगवानराव म्हनतात," बाबा म्हणाले. "मागं मी पाइपापाशी वेल्डिंग केलं. दोन्ही डोळ्यांचे दिवे लागले, पण घंटी गप्प. अन काल ठिनगी कोनाले दिसली नाई, तं घंटी बोंबलली!"

महामाया जळलेला किडा तळहातावर घेऊन त्याच्या सोनेरी झाकणाकडे बघत होती.

"मला याच्या पोटात पाहायचं आहे," ती म्हणाली.

*

वाटेत माणसं घेत जाणाऱ्या काळ्या-पिवळ्या जीपने तिघं नांदुऱ्याला गेले. स्टेशनजवळ प्रज्वलदादाचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. त्याच्याकडे बारीक कामासाठी सूक्ष्मदर्शक होता आणि त्यातलं सगळं शेजारच्या स्क्रीनवर दिसायचं.

"मी काय डॉक्टर हाव, पोट फाडाले?" प्रज्वलदादा हसला. पण किडा हातात घेतल्यावर त्याचं हसू थांबलं. "हे माह्या जन्माच्या आधीचं दिसते. थांबा!" त्याने पातळ पातं झाकणाखाली सरकवलं आणि हळूच कड उचलली. टक्! सोनेरी झाकण निघालं. आत तिळाएवढा करडा तुकडा होता.

"बस? एवढंसंच?" अश्वजित हिरमुसला.

प्रज्वलदादाने तो भिंगाखाली ठेवला, दिवा तिरपा केला, चाक फिरवलं. स्क्रीनवर आधी नुसतं धुकं होतं.

मग धुकं निवळलं.

तो तुकडा नव्हता. तो मुलूख होता! चारी कडांवरून केसाहून बारीक सोन्याच्या तारा आत उतरत होत्या. त्यांच्या टोकांपासून रस्ते निघाले होते, रुपेरी, सरळ, मग काटकोनात वळलेले. रस्त्यांच्या मध्ये लहान लहान शेतं, काही हिरवी, काही गुलाबी, काही मोरपिशी. दिवा हलला की रंग बदलत. महामायाला राजूर घाटातून खाली बघितल्याची आठवण झाली. तिथून अशीच शेतं दिसतात, धुऱ्यांनी, मातीच्या बांधांनी, एकमेकांपासून वेगळी केलेली. पण ते धुरे शेकडो माणसांनी पिढ्यान् पिढ्या घातलेले. आणि हे तिळाएवढ्या जागेत!

"हे कोनं केलं?" अश्वजितने हळूच विचारलं. देवळात किंवा विहारात बोलावं तसं.

"माणसांनी," देवेश म्हणाला. त्याचाही आवाज खाली आला होता. "कुणीतरी बसून एकेक रेघ काढली असेल. एकही चुकवून चालणार नाही."

"अन त्या मानसाचं नाव आता कोनालेच माहीत नाई," प्रज्वलदादा म्हणाला. "मी रोज चिपा बदलतो, बाबू. आत असं असते, हे पाहिलंच नव्हतं कधी."

महामायाने बोट स्क्रीनजवळ नेलं. "हा पहिल्या डोळ्याचा पाय ना? याचा रस्ता बघा कुठे जातो." बोट रस्त्यावरून चालू लागलं. "आणि तिसऱ्याचा सरळ घंटीच्या पायाकडे! कुठे थांबतच नाही. म्हणून तीन दाबलं की लगेच वाजतं."

"आणि पहिल्याचा?"

"पहिल्याचा इथे येतो." तिचं बोट थांबलं. तिथे दोन सारखी शेतं समोरासमोर होती. डावीतून निघालेली वाट उजवीत शिरत होती, उजवीतून निघालेली डावीत, आणि मध्ये दोन्ही वाटा एकमेकींना ओलांडत होत्या. "दादा, ही तर फुगडी आहे! दोघी समोरासमोर, हात आडवे घालून!"

प्रज्वलदादा पुढे वाकला. "खरंच की, पोरी!"

देवेश मोबाइलवर भराभर शोधत होता. या वेळी त्याला सापडलं. "अशा जोडीला स्मरण म्हणतात! दोघी एकमेकींना धरून ठेवतात. एकदा एका बाजूला झुकल्या की बॅटरी काढेपर्यंत तशाच राहतात. म्हणजे..." तो एकदम उभा राहिला. "म्हणजे हा किडा लक्षात ठेवतो! नुसतं आत्ता काय दिसतं ते नाही, आधी काय दिसलं तेही!"

"आणि फुगडीत फक्त पहिल्याची वाट शिरते," महामाया म्हणाली. "दुसऱ्याची तिच्या पलीकडे येऊन मिळते. अश्व्या! तू आधी कोणतं बटण दाबलं होतंस?"

"दोन. एक माह्यापासून दूर होतं."

"आणि मी आधी एक!" देवेश ओरडला. "वेडा नाही तो! आधी एक आणि मग दोन असेल तरच वाजतो. उलटं असेल तर नाही!"

"पण असं काऊन?" अश्वजितने विचारलं.

महामायाने डोळे मिटले. जिनचं तोंड. मग पाइप. मग रुईघर. कापूस एकाकडून दोनाकडे जातो, उलटा कधीच नाही. वेल्डिंगची ठिणगी आधी पाइपाशी दिसली, म्हणून किड्याने ती सोडून दिली. पण जी ठिणगी आधी यंत्राशी दिसते आणि मग पाइपात...

तिने खाडकन डोळे उघडले.

"ती ठिणगी चालत असते," ती म्हणाली. "कापसात बसून पुढे चाललेली असते! घंटी वाजली की सगळे यंत्रापाशी आणि पाइपापाशी शोधतात, कारण तिथले दिवे लागलेले असतात. पण तोवर ती तिथून निघून गेलेली असते. किडा ओरडून सांगतो, पुढे बघा!"

"काल घंटी वाजली," देवेश हळूच म्हणाला.

"अन रुई आत आत धुमसत राहते, धूरसुद्धा दिसत नाई," प्रज्वलदादा म्हणाला. तो दुकानाचं शटर ओढायला उठलासुद्धा. "बसा गाडीवर! अन बापाले फोन लाव!"

*

कारखान्याच्या फाटकात भगवानराव खुर्ची टाकून बसले होते. शेठ येणार म्हणून पताका लावणं चाललं होतं.

"रुईघर उघडा? आज? चार पोट्ट्यांच्या सांगण्यावरून?" ते म्हणाले. "अरे, तिथे स्वतंत्र डोळा आहे! त्याचा दिवा लागला नाही म्हणजे सगळं ठीक आहे. जा घरी, फराळ करा!"

बाबाही मोटारसायकलवर येऊन पोहोचले होते. ते काही बोलणार, एवढ्यात महामायाने त्यांचा हात दाबला.

"बरोबर आहे, साहेब," ती म्हणाली. "तिसरा डोळा चांगला असेल तर काळजीच नाही. पण उद्या शेठजींनी विचारलं, तर? आम्ही आत पाऊलही टाकत नाही. तुम्हीच तपासून बघा. तुमच्या टीव्हीचा रिमोट लागेल फक्त."

"रिमोट?"

"रिमोटमधून न दिसणारा उजेड निघतो. डोळ्याला तो ठिणगीसारखाच वाटेल. आग नको, काडी नको!"

भगवानरावांना शेठजींचं नाव पटलं. रिमोट आला. पहिल्या डोळ्यासमोर त्यांनी बटण दाबलं. बाजूचा लाल दिवा चमकला! दुसऱ्यासमोर दाबलं. तोही चमकला! "बघा!" म्हणत त्यांनी ऐटीत रुईघराचं दार उघडलं, छताकडे हात केला आणि दाबलं.

काही नाही.

ते दोन पावलं पुढे गेले, टाचा उंचावल्या, हात ताणला. दाबलं, दाबलं, दाबलं!

"साहेब," अश्वजित म्हणाला, "दुसरं चॅनल लावून पाहा!"

"गप बे!" देवेशने त्याचं तोंड दाबलं, पण तो स्वतःच हसत होता.

बाबा शिडीवर चढले. डोळ्याच्या काचेवर त्यांनी नख फिरवलं आणि नखाखाली पांढरा रंग आला. जाड, वाळलेला, तेलाचा.

"दसऱ्याच्या पूजेसाठी कारखाना रंगवला तवा," बाबा वरूनच म्हणाले, "डोळ्यालेबी रंग देऊन टाकला, साहेब."

भगवानरावांचा चेहरा त्या रंगासारखाच झाला. रंगाऱ्यांना "एक कोपरा सोडू नका" असं त्यांनीच बजावलं होतं.

आता बाबा थांबले नाहीत. त्यांनी लांब लोखंडी सळई घेतली आणि रुईच्या ढिगात खुपसली. थोडं थांबले, बाहेर काढली, हात लावून पाहिला. गार. दुसरीकडे खुपसली. गार. तिसऱ्या जागी, पाइपाच्या तोंडाखाली, खुपसली. सळई बाहेर आली. भगवानरावांनी उतावळेपणाने तिचं टोक धरलं.

"अरे बापरे!" ते हात झटकत किंचाळले.

"पोरं बाहेर!" बाबा गरजले. "प्रज्वल, पाण्याची नळी ओढ! साहेब, चौकीदाराले हाका मारा! वारा लागू देऊ नका, पहिले पाणी, मग ढीग ओढा!"

महामाया दारात उभी राहून बघत होती. बाबांचा एवढा मोठा आवाज तिने कितीतरी महिन्यांत ऐकला नव्हता. पाणी पडलं, ढीग फुटला, आणि आत ताटाएवढा लालभडक डाग दिसला. बाहेरून पांढरीशुभ्र असलेली रुई आतून जळत होती. फस्स करून वाफ उठली. जळक्या कापसाचा वास सगळीकडे पसरला. रुईघराला लागून सरकीचं गोदाम होतं आणि त्याला लागून कामगारांच्या खोल्या. तिथली पोरं दारात फटाके वाळवत बसली होती.

लाल डाग पुरता काळा होईपर्यंत बाबा पाणी मारत राहिले.

*

सोमवारी शेठ आले. भगवानरावांनी त्यांना सगळं सांगितलं. रंगाची गोष्टसुद्धा लपवली नाही, आणि त्यासाठी त्यांना तीनदा घाम पुसावा लागला.

"मी धम्मरत्नांना सगळ्यांसमोर बोललो होतो," ते कामगारांकडे वळून म्हणाले. "म्हणून सगळ्यांसमोरच सांगतो. चूक त्यांची नव्हती, पेटीची नव्हती, माझी होती. आणि ही पोरं नसती तर आज आपण इथे उभे नसतो."

शेठजींनी तिघांच्या पाठीवर हात ठेवला. "इतक्या वर्षांत आम्ही नुसती घंटी ऐकली," ते म्हणाले. "तिचं म्हणणं काय आहे ते या पोरांनी समजून घेतलं. बोला, काय पाहिजे?"

"जुनीच पेटी पुन्हा बसवा," महामाया म्हणाली. "आणि मला थोडा लाल रंग द्या."

पेटी जागेवर बसली. महामायाने तिच्या पत्र्यावर ठळक अक्षरांत लिहिलं, 'वाजली की मागे शोधू नका. रुईघरात बघा.' कामगारांनी ते मोठ्याने वाचलं. देवेश म्हणाला, अक्षर थोडं तिरकं झालंय. अश्वजित म्हणाला, मग तू लिहायचं होतं!

संध्याकाळी बाबांनी मोटारसायकल काढली. "महा," ते म्हणाले, "मले दाखवशीन का ते? किड्याच्या पोटातलं?"

अश्वजितही मागे बसून नांदुऱ्याला आला. प्रज्वलदादाने दुकानात बाबांना खुर्ची दिली. धुकं निवळलं. बाबा स्क्रीनसमोर बसून राहिले. चहा आला, गार झाला. महामायाने एकेक रस्ता दाखवला, आणि मग त्या दोन शेतांवर बोट ठेवलं.

"ही फुगडी, बाबा. एकमेकींना धरून ठेवतात, म्हणून लक्षात राहतं."

बाबांनीही त्या दोन शेतांवर बोट टेकवलं.

"तुह्या आईले फुगडी लय आवडे," ते म्हणाले. "लग्नाच्या आधी मी तिले पहिल्यांदा पाहिलं तं ती फुगडीच खेळत होती. समोरची पोरगी दमली, बसली. ही काही थांबाले तयार नाई! मंग तिनं काय केलं, माहीत हाय?"

"काय केलं?" दोघा भावंडांनी एकदम विचारलं. आईचं नाव बाबांनी कितीतरी दिवसांनी काढलं होतं.

बाबा सांगू लागले. वडनेरला जाणारी शेवटची काळी-पिवळी हॉर्न वाजवून निघून गेली, प्रज्वलदादाने दुकानातला दिवा लावला, तरी ते सांगतच होते.